भट्टीचा पहिला घोट

आमच्या घरात दारूचं नाव काढायचीसुद्धा चोरी होती. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर, आणि अशा घरातल्या थोरल्या मुलानं शेतात दारूची भट्टी घातली. हे सांगितलं की माझ्या नातसुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या बापड्यांना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते.

पहिली जर्मन लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. आमचं गाव तापीच्या अलीकडे, कोरीटच्या वाटेवर. घरची जमीन काळीभोर, पण आमच्या ह्यांचं मन तिच्यात कधी रमलं नाही. धुळ्याला राहून चार इयत्ता जास्त शिकले होते, त्याचा हा प्रताप. एका वर्षी त्यांनी मधमाश्या पाळल्या. माश्यांनी सगळ्या घराला चावून काढलं आणि मग निघून गेल्या. पुढच्या वर्षी मिरची लवकर सुकावी म्हणून पत्र्याची खोली बांधून आत शेगडी पेटवली. मिरची करपली आणि अख्खी आळी दोन दिवस शिंकत होती. त्या साली नंदुरबारच्या बाजारात आमचा माल ओळखायला व्यापाऱ्यांना डोळे लागत नव्हते, नाकानंच काम भागत होतं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते ह्यांच्याकडे बघूनच म्हणत असावेत.

तापीपल्याड, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं दुसरं शेत होतं. शेताच्या कडेनं नाला आणि नाल्याच्या काठानं मोहाची जुनी झाडं. शेजारच्या पाड्यावर ह्यांचा सोबती राहायचा. त्याचा बाप आमचं ते शेत राखायचा, आणि ज्वारी निसवली की ह्यांना लहानपणी पाखरं हाकायला तिकडे पाठवत. दोघं एकाच मचाणावर वाढले. एका थाळीत जेवले, एका घोंगडीत झोपले, डोंगरातल्या काठी गावच्या होळीला पायी चालत गेले आणि दिवस उजाडेपर्यंत ढोलावर नाचले. घरी तो भिल्ली बोलायचा, आमच्याशी आमची अहिराणी. आपल्या पाठच्या भावाशी हे जेवढं बोलत नसत तेवढं त्याच्याशी बोलायचे.

पण तो गावातल्या घरी आला की ओट्यावर बसायचा. त्याच्यासाठी ओट्यावरच्या कोनाड्यात एक वेगळी पितळी ठेवलेली असे. शेतातलं शेतात आणि घरातलं घरात, असा सासूबाईंचा कायदा होता. शेतात मुलगा कुणाच्या ताटात जेवतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. तोही त्या पितळीतून चहा पिऊन, ती धुऊन, पालथी घालून जायचा. मला ते बघवत नसे. त्याला काय वाटत होतं, हे मात्र त्यानं कधी तोंडावर दिसू दिलं नाही.

भट्टीची कल्पना ह्यांचीच, पण तिचं कारण तो होता. डोंगरात मोहाची दारू म्हणजे नुसतं पिणं नव्हे. देवाला ती लागते, लग्नाला लागते, माणूस मेलं तरी लागते. आणि घरी गाळायला तर सरकारची बंदी. देवाच्या कामासाठी एक हंडी चुलीवर चढवली तरी शिपाई येऊन फोडून जायचा. सोबत्याच्या मेहुण्याला तर बहिणीच्या लग्नातूनच धरून नेलं होतं. डोंगराच्या कडेनं तेव्हा लहान भट्ट्यांना परवाने मिळत. ह्यांनी ते कुठूनसं ऐकलं आणि ठरवलं की परवाना आपला, जागा आपली, मोह त्यांचा आणि हातही त्यांचे. दारू चांगली निघेल आणि देवाच्या कामासाठी कुणाला भीत बसावं लागणार नाही.

सोबत्याला हे इतकं पटलं की तो पाड्यापाड्यावर फिरला. परक्याच्या परवान्यावर डोंगरातली माणसं सहजी विश्वास ठेवणारी नव्हती. तो सगळ्यांना एकच सांगायचा, “हाऊ आमना माणूस शे. यानी भट्टी म्हंजे आपलीच भट्टी.” त्याच्या शब्दावर बायांनी त्या साली मोह व्यापाऱ्याला घातला नाही. आमच्यासाठी राखून ठेवला.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवल्या नाहीत. मग ह्यांना देवघरापुढे बसवलं आणि ह्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

“भट्टी घाल, नहीते काहीबी कर,” त्या म्हणाल्या. “पन एक थेंब जरी तुन्हा व्हटले लागना, ते मन्हं मरेल तोंड दखशी. ले आण.”

हे हसले. “माय, हलवाई कोठे सोतानी मिठाई खास?” म्हणाले, आणि शपथ घेऊन मोकळे झाले. सासूबाईंनी लगेच ताट वाढायला सांगितलं. मी भाकरी वाढली आणि मलाही वाटलं, चला, सुटलो.

हंडा सुरतेहून आला. तांब्याचा, एवढा मोठा की रेल्वेतून उतरवायला चार माणसं लागली. नंदुरबारहून बैलगाडीनं गावात आला तेव्हा लोकांना वाटलं, आमच्याकडे कुणाचं तरी लग्न आहे. उन्हाळ्याचे दिवस, तापीला उतार होता. गाडी तशीच पाण्यातून पलीकडे नेली. ह्यांनी नाल्याकाठी कुडाची शेड घातली, दगडमातीचं चुलाण बांधलं आणि हंड्याची नळी नाल्याच्या गार पाण्यातून फिरवून खाली घड्यात सोडली. मी त्या दिवसांत मुलांना घेऊन शेतावरच राहायला गेले होते. खोटं कशाला बोलू, माझ्या संसारातले तेच दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात.

पहाटे मोह टपटप गळायचा. फुलं कसली, फिकट पिवळे रसाळ मणीच ते. बाया टोपल्या घेऊन यायच्या, वेचायच्या, अंगणात वाळत घालायच्या. सोबत्याची बायको माझ्याच वयाची. तिनं मला मोह भाजून तिळाबरोबर कुटायला शिकवलं, आणि मी तिला पुरणपोळी खिलवली; तिला ती फार गोड लागली. मग वाळलेला मोह रांजणांत भिजत घातला. चार दिवसांनी त्याला फेस आला, आंबूस-गोड वास शेतभर पसरला. हे आणि सोबती सारखे रांजणांशी. एकानं झाकण काढावं, दुसऱ्यानं वाकून हुंगावं, आणि मग दोघांनी माना डोलवाव्यात. हे पिणारे नव्हते, पण वासावरून सांगायला शिकले होते. इतके सुखात मी ह्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी भाकऱ्या थापताना सोबत्याची बायको बोलता बोलता म्हणाली की नव्या भट्टीची पहिली धार पडली की आधी जमिनीला, मग पितरांना, आणि मग ज्याची भट्टी त्यानं पहिला घोट घ्यायचा. त्यानं घेतला की तोच द्रोण दुसऱ्याला द्यायचा. त्याशिवाय कुणी तोंड लावत नाही.

माझा हात थांबला. त्या संध्याकाळी मी ह्यांना गाठलं. “त्याले आधीच सांगी द्या ना,” म्हटलं, “मायनी आण शे म्हनीसन.”

“तो काय परका शे का? समजी ली तो,” हे म्हणाले. आणि जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, “आणनी गोष्ट तू कोठे बोलू नको.” मिश्या फुटलेला माणूस आईच्या शपथेत अडकला आहे, हे चारचौघांत कळण्याची त्यांना लाज वाटत होती. मी नाही बोलले. नवऱ्यानं बोलू नको म्हटलं की न बोलण्याचे दिवस होते ते.

पहिल्या धारेच्या दिवशी पाड्यापाड्यावरून माणसं आली. ढोल आले, पावरी फुंकणारे आले, म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. आबकारीचे एक साहेब आले होते, त्यांना खुर्ची दिली. गावाकडून ह्यांचे दोन चुलतभाऊ गंमत बघायला आले होते. ते एका बाजूला उभे राहून आपापसांत हसत होते. आम्ही बाया झाडाखाली चुली मांडून बसलो होतो. चुलाण पेटलं, हंडा तापला, सांध्यांना लावलेली माती सुकली आणि बऱ्याच वेळानं नळीच्या तोंडातून धार सुरू झाली. लोकांनी एकच ओरडा केला.

सोबत्यानं पळसाच्या पानाचा द्रोण धारेखाली धरला. जमिनीवर चार थेंब सोडले. डोंगरातल्या देवांची नावं घेतली, आपल्या बापाचं घेतलं, आणि मग माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. आमचे पितर त्यानं आपल्या पितरांच्या रांगेत बसवले. मला भरून आलं. मग त्यानं द्रोण ह्यांच्यापुढे केला.

“ले भो. भट्टी तुन्ही, पयला घोट तुन्हा.”

ह्यांनी द्रोण हातात घेतला. ढोल थांबले होते. हे एकदा चुलतभावांकडे बघतात, एकदा साहेबाकडे बघतात, आणि मला दिसत होतं की आता हे खरं सांगणार. एवढंच तर सांगायचं होतं. पण ह्यांनी घसा साफ केला आणि शाळेतल्या मास्तरासारखं शुद्ध मराठीत म्हणाले, “आमच्यात हे चालत नाही.”

आणि द्रोण परत दिला.

आमच्यात! ज्यानं सोबत्याच्या थाळीतली कण्या-भाकरी खाऊन अंग धरलं, तो माणूस हे बोलला. गावातल्या ओट्यावर सोबत्यानं ती पितळी सोसली, कारण ते सासूबाईंचं घर होतं. पण इथे शेत होतं, त्याचा डोंगर होता, आणि त्याच्या शब्दावर आलेली त्याची माणसं होती. त्यांच्यादेखत त्याला सांगितलं गेलं की तुझ्या हातचं आम्हाला चालत नाही. हे तसं म्हणत नव्हते, मला ठाऊक आहे. पण तिथे उभ्या असलेल्या कुणाला दुसरं काय कळणार होतं?

सोबत्यानं तो द्रोण हळूच जमिनीवर रिकामा केला. “बरं,” म्हणाला, आणि निघाला. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी शिवी दिली नाही. माणसं नुसती उठली आणि त्याच्यामागे चालायला लागली. माझ्याशेजारची त्याची बायको उठली, हाताचं पीठ झाडलं आणि माझ्याकडे न बघता गेली. परातीत अर्धं मळलेलं पीठ तसंच राहिलं.

हे दोन दिवस म्हणत होते, “येईल.” मग आठवडाभर म्हणत होते. मग म्हणायचं बंद केलं.

भट्टी चालली, पण कशी! मोह व्यापाऱ्याकडून विकत आणला, नवापूरकडचा एक मिस्त्री ठेवला. दारू निघाली, प्यायला कुणी आलं नाही. डोंगरातली माणसं म्हणायची, मालक स्वतः शिवत नाही ती दारू देवाला कशी द्यायची? त्यांचंही बरोबरच होतं. घरचं ताक जो स्वतः पीत नाही, त्याच्या घरचं ताक कोण पिणार? दोन-तीन हंगामांत परवाना परत गेला, शेड पावसात बसली. मला भट्टीचं सोयरसुतक नव्हतं. मोडलेल्या हौशी ह्या घरानं पुष्कळ पाहिल्या होत्या. पण ह्या खेपेला ह्यांनी पुढची हौस काढलीच नाही. शेतावरून घरी, घरून शेतावर. ओट्यावर बसायचे ते उत्तरेकडे, डोंगराकडे तोंड करून. बोलायला माणूसच उरलं नव्हतं. मी होते, पण बायकोशी बोलायचं ते वेगळं आणि सोबत्याशी बोलायचं ते वेगळं.

बापामागून सोबतीच आमचं ते शेत राखत होता, ते त्यानं सोडलं. बाजाराला येणाऱ्या बायांबरोबर मी निरोप धाडायची की वहिनीनं बोलावलंय, एकदा येऊन जा. उत्तर येत नसे. ह्यांना तर दर फाल्गुनात म्हणायची, अहो, एकदा जाऊन खरं सांगा, होळीचं निमित्त आहे. “त्याले समजाले नको का?” हे चिडून म्हणायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला ह्यांचा राग यायचा. आज इतक्या वर्षांनीही येतो.

अशी बरीच वर्षं गेली. मुलींची लग्नं झाली. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. ह्यांचा हात हातात धरून गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, “चाल.”

कुठे, ते मी विचारलं नाही. गाडीत बसले तेव्हा ह्यांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेली बाटली दिसली. दुकानातून माणसाकरवी आणवली होती. वाटेत एका पळसाजवळ गाडी थांबवून ह्यांनी पानं तोडली आणि गाडीत बसल्या बसल्या द्रोण लावत राहिले. काड्या नीट बसेनात. मी हात पुढे केला तर देईनात. शपथेतून सुटलेला तो माणूस लग्नाला निघालेल्या नवरदेवापेक्षा जास्त घाबरलेला होता. बैल गेला अन् झोपा केला, हे माझ्या मनात आलं, पण मी गिळून टाकलं.

त्या दिवसांत डोंगरात एक नवंच वारं होतं. माणसं दारू-मांस सोडत होती, पहाटे आंघोळ करून आरतीला जात होती, गावंच्या गावं शपथा घेत होती. आम्ही खालची माणसं ओट्यावर बसून त्यावर हसत होतो. चार दिवसांचं आहे म्हणत होतो. हे सगळं हेही ऐकत होते. पण आपला सोबती त्या माणसांत असू शकेल, हे काही ह्यांच्या डोक्यात आलं नाही. ह्यांच्या मनात तो अजून त्या धारेखाली द्रोण धरून उभा होता.

पाड्यावर पोचलो तर अंगण लख्ख सारवलेलं. सोबती बाहेर आला. केस पांढरे झाले होते, कपाळाला गंध होतं. त्यानं खाट टाकली. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं. हे खाटेवर बसलेच नाहीत. ह्यांनी पंचा सोडला, द्रोणात दारू ओतली, जमिनीवर थेंब टाकले, तोंडातल्या तोंडात आपल्या बापाचं आणि त्याच्या बापाचं नाव घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा दारूचा घोट घेतला. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तशातच उरलेला द्रोण त्याच्यापुढे केला.

“ले,” म्हणाले. “आते ले.”

त्यानं हात पुढे केला नाही. त्याची सून मुलांना घेऊन आत गेली. तो फार मऊपणे म्हणाला, “भो, मी सोडी दिन्ही शे. देवसमोर आण लिन्ही शे.”

हे तिथेच खाली बसले. द्रोण कलंडला. आणि मग, इतक्या वर्षांनी, त्या चुलतभावांशिवाय, त्या साहेबाशिवाय, हे बोलले. “तव्हय मालेबी आण व्हती. मायनी. तिन्हा डोकावर हात ठेईसन लिन्ही व्हती.” देवघर, सासूबाईंचा उपास, सगळं सांगितलं. लाज वाटली होती, हेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर सोबत्यानं कपाळाला हात लावला.

“इतलंच व्हतं?” तो म्हणाला. “तव्हय सांगी देता ते तुन्हा वाटाना घोट मीच पी लेतू. मायनी आण ऱ्हास तव्हय सोबती पेस. आमनाकडे असंच ऱ्हास.”

म्हणजे आईची आण असली की त्या माणसाच्या वाटचा घोट सोबत्यानं घ्यायचा, ही त्यांच्याकडची रीतच होती. सोबतीही खाली, ह्यांच्याजवळ येऊन बसला. मुलींची चौकशी झाली, सासूबाईंची झाली. त्यानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. पण दोघं म्हातारे झाले होते आणि मधली वर्षं काही कुणी परत देणार नव्हतं.

आम्ही निघायला उठलो तशी त्याची बायको शेणाचं टोपलं घेऊन आली. अंगणात दारू सांडली होती, त्यांच्या नेमानं ती जागा सारवायला हवी होती. “राग मानू नको, बाई,” ती ओशाळून म्हणाली. मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर सारवायला बसले. दोघींचे हात एकाच जागेवर फिरत होते. तेव्हा ती खाली बघूनच हलक्या आवाजात बोलली.

“दर होळीले तो एक द्रोण भरी ठेये. तुन्हा माणूस ई म्हने. सांज व्हये तव्हय जमीनवर वती दे.”

गाडी तापीच्या वाळूत आली तेव्हा मी ते ह्यांना सांगितलं, की दर होळीला तो तुमच्या वाटचा द्रोण भरून सांजेपर्यंत वाट बघायचा. सांगू नये असं एकदा वाटलं होतं. पण आमच्या घरात न सांगितलेलं पुष्कळ झालं होतं. ह्यांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरले, चार पावलं गेले आणि वाळूत बसून मोठ्यानं रडले. आई गेली तेव्हा असे रडले नव्हते. मी जाऊन शेजारी बसले आणि गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.